बर्फातलं हसणं

मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. फ्रीजमध्ये साचतो तेवढाच. तरी गेली बारा वर्षं मी जळगावात बसून लोकांच्या बर्फातल्या सहलींच्या फिल्म बनवतेय, आणि त्या अगदी खऱ्या वाटतात अशी माझी ख्याती आहे. मे महिना, डोक्यावर पत्रे, कूलर नुसताच आवाज करतोय, आणि समोर पडद्यावर कोणाचे तरी पप्पा पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरतायत. मला त्या पप्पांची कधीकधी दया येते. पण त्यांच्याकडे बघून थंड मात्र वाटत नाही.

आमच्या भागात या कामाला मिक्सिंग म्हणतात. आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे आणि मी घरी मिक्सिंगला बसायचे. कॅसेट झाली, सीडी झाली, पेनड्राइव्ह झाला. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत कितीतरी कपाटांत आम्ही केलेली लग्नं पडून आहेत. मग लग्नांना ड्रोनवाली पोरं आली, यांचे गुडघे गेले आणि काम आटलं. नेमकी त्याच सुमाराला आपली माणसं बर्फात जायला लागली. गुलमर्ग, सोलांग, औली. सगळं कुटुंब जाणार आणि आल्यावर मोबाइलमधल्या तीनशे क्लिपा घेऊन माझ्या दारात उभं राहणार. "ताई, याची छान पिच्चर करून द्या, पाहुण्यांना दाखवायची आहे."

बाहेरच्या माणसाला वाटतं, क्लिपा एकापुढे एक जोडल्या की झालं. तसं केलं तर काय दिसतं ते सांगते. बर्फ करडा दिसतो, कारण एवढा उजेड बघून कॅमेरा बिचकतो आणि सगळं चित्रच काळपट करून टाकतो. तो पांढरा करावा तर दवाखान्यातल्या चादरीसारखा दिसतो, म्हणून त्यात चिमूटभर पिवळं घालायचं. माणसं तर ओळखूच येत नाहीत. सगळ्यांच्या अंगात भाड्याचे सूट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर फडकं, डोक्यावर हेल्मेट. मी आधी यादीच मागते, लाल सूट कोण, निळा कोण. जामनेरच्या एका फिल्ममध्ये मी कोणा परक्याच आजोबांना चार मिनिटं फिरवलं होतं, कारण सूट सारखा. घरच्यांनी ती फिल्म दोनदा पाहिली, कौतुक केलं, आणि तिसऱ्यांदा बघताना त्यांचे आजोबा म्हणाले, "हा मी नाही." तो कोण होता, आणि प्रत्येक क्लिपमध्ये त्यांच्याच कुटुंबाच्या मागे का उभा होता, ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

खरी गंमत आवाजाची. बर्फातल्या क्लिपेत दोनच गोष्टी ऐकू येतात. माइकवर आपटणारा वारा, आणि शिकवणारा भैया ओरडतो ते "घुटना मोडो, घुटना!" हे दोन काढून टाकले की खाली काहीच उरत नाही. पाखरू नाही, गाडी नाही, लांबून येणारा भांड्यांचा आवाज नाही. आपल्याकडे इतकं गप्प कधीच नसतं. पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं, म्हणून मी एक क्लिप तशीच ठेवली. पांढरा उतार आणि त्यावरून चार रंगीत माणसं तोंडं झाकून हळूहळू आपल्याकडे येतायत. घरचीच माणसं होती ती. तरी बघणाऱ्या बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ताई, असं भ्या वाटेल असं कशाला केलं?"

तेव्हापासून मी आवाज घालते. बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नफ्लॉवरची पिशवी. माइकजवळ धरून मुठीने दाबायची, हुबेहूब करकर येते. घसरण्यासाठी जुनी रेशमी साडी सतरंजीवरून ओढायची. लोकांना वाटतं, खरं म्हणजे जे घडलं ते. तसं नसतं. धुळ्याचे एक डॉक्टर म्हणाले होते, "मला कृत्रिम काही नको, जसं झालं तसं ठेवा." मी ठेवलं. बायको पडल्यावर ते तिला "ऊठ आता, लोक बघतायत" म्हणाले होते, तेही ठेवलं. दोन दिवसांत फोन आला, "ताई, तिथे जरा गाणं टाका." माणसाला आपली सहल खरी हवी असते आणि आपण स्वतः त्यात थोडे खोटे हवे असतो. हे दोन्ही जमवणं म्हणजे माझा धंदा.

आता जे लिहिणार आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हटलं, ते याच्यामुळेच. मी लोकांच्या फिल्ममध्ये हसणंसुद्धा बाहेरून घालत आले.

बर्फात माणसं हसत नाहीत. खरंच सांगते. घाबरलेली असतात, गारठलेली असतात, नाही तर फोटोसाठी दात दाखवत असतात, त्याला आवाज नसतो. आणि फिल्ममध्ये कोणी पडलं आणि मागून हसू आलं नाही, तर ते पडणं अपघातासारखं दिसतं. म्हणून मी एक फोल्डर केलं. जुन्या लग्नांच्या टेपांमधून, हळदीच्या वेळी बायका हसतात ना जीव तोडून, ती हसणी कापून ठेवली. नावं गावांची. पारोळा एक, चोपडा दोन, एरंडोल तीन. यातलं एरंडोल तीन माझं सगळ्यात लाडकं. दोन सेकंदांचं. आधी आत श्वास ओढल्यासारखी एक उचकी, मग तीन पायऱ्या वर चढतं आणि वर गेल्यावर एकदम तुटतं. कुठेही घाला, चित्रात जीव येतो.

ते हसणं रेखाचं होतं. एरंडोलला खताबियाण्यांचं दुकान आहे हेमंतभाऊंचं, त्यांची ही बायको. चौदा वर्षांपूर्वी लग्न झालं, ते आम्हीच केलं होतं. मुलगी गार्गी चार वर्षांची असताना रेखा काविळीने गेली. मला कळलं होतं, वाईटही वाटलं होतं. पण फोल्डरमधलं हसणं मी काढलं नाही. उलट वापरत राहिले. हिशेब ठेवला नाही, पण वीसेक घरांच्या फिल्ममध्ये ती नक्की असेल. जी बाई कधी नाशिकपलीकडे गेली नसेल, तिला मरणानंतर मी गुलमर्ग, सोलांग, औली, सगळीकडे फिरवून आणलं. तेव्हा यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

हेमंतभाऊंनी तीन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. वैशाली, माहेर धुळ्याचं. या फेब्रुवारीत ते दोघं आणि गार्गी गुलमर्गला जाऊन आले आणि क्लिपा साहजिकच माझ्याकडे आल्या. मी ठरवून ठेवलं होतं की यात एरंडोल तीन घालायचं नाही. एवढी अक्कल मला होती. फिल्म केली, दिली, आणि हेमंतभाऊंनी मला आखाजीला जेवायला बोलावलं. सगळे पाहुणे जमणार, तेव्हाच फिल्म लावू म्हणाले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, आणि घरातली गेलेली माणसंही येतात असं धरतात. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोरी ठेवायची, आणि पुरणपोळीचा, रसाचा घास विस्तवावर सोडायचा. त्या दिवशी रेखाची घागर वैशालीने भरली. माझ्या डोळ्यांदेखत भरली, दोन्ही हातांनी, सावकाश. तिची सासू, जिला सगळे अक्का म्हणतात, बाजूला बसून बघत होती. अक्कांच्या कपाळावर आठी होती.

जेवणं झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून खिडक्या लावून, पडदे ओढून सगळे टीव्हीपुढे बसलो. खोलीत अंधार आणि पडद्यावर तो पांढरा उतार. कॉर्नफ्लॉवरची पावलं करकरत होती. मंडळी खूश होती. मग वैशालीची ती क्लिप आली. लाल सुटातली वैशाली हळूहळू खाली येते, तोल जातो, आणि ती मागच्या मागे बसते.

आणि रेखा हसली.

उचकी, तीन पायऱ्या, आणि तुटणं. त्या बंद खोलीत ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीशी ती घागर. अक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

"बंद कर ते! हाई रेखानं हासनं शे."

"अक्का, काहीतरीच काय," हेमंतभाऊ म्हणाले, पण त्यांनी रिमोट उचलून फिल्म थांबवली.

"मी वळखस ना तिनं हासनं! ती उनी व्हती तठे, बरफमा." रेखा तिथे बर्फात आली होती म्हणे. मग त्या वैशालीकडे वळल्या. "तुना हातनं पानी तिले चालनं नही."

वैशाली जागची हलली नाही. गार्गी, बारा वर्षांची गप्प पोर, टीव्हीजवळ बसली होती. ती उठली आणि आत निघून गेली. आणि मी? मी तोंड उघडायला हवं होतं. माझी पक्की खात्री झाली होती की सवयीने हात चुकला, ठरवूनही मी एरंडोल तीनच घातलं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण खोलीतल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या घरी आमची लग्नं होती, बर्फ होता, आणि त्या सगळ्यांत उसनं हसणं होतं. मी पिशवी उचलली आणि उन्हाचंच निघाले. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

आखाजीला सून माहेरी जातेच, तशी वैशाली दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेली. तिला परत बोलावणं आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. हेमंतभाऊंचा मला एकदा फोन आला. गार्गीने जेवण सोडल्यात जमा होतं आणि अक्का रेखाच्या नावाने शांत करायची म्हणत होत्या. "ताई, त्या आवाजाचं तुम्हाला काही कळतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघते." आणि तेव्हाही बघितलं नाही. स्वतःचा गुन्हा उघडून बघायला कोणाचा हात धजतो?

मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला वैशालीच दारात उभी. धुळ्याहून एसटीने आली होती. पाणी प्यायली आणि सरळ विचारलं, "ताई, खरं सांगा. तो आवाज आमच्या क्लिपेत होता की कुठून आला?"

मी तिचा रिकामा पेला उचलला.

"मी ती घागर भरताना मनात तिला एकच म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, बाई, मला इथे राहू दे. तुझ्या पोरीला मी जीव लावते, तू राग धरू नको. आणि ती हसली. ताई, मी अक्कांसारखी नाही, मी शिकलेली आहे. पण मला रात्रंदिवस तेच ऐकू येतं. मी पडले आणि ती हसली."

तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी तिला सगळं सांगितलं, फोल्डर, लग्नाच्या टेपा, वीस घरं, सगळं. वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार. तिने मात्र एवढा मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "मग दाखवा मला. अक्कांना सांगायला डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे."

मी कॉम्प्युटर लावला आणि तिची फिल्म उघडली. मिक्सिंग करताना पडद्यावर वर चित्राच्या पट्ट्या असतात आणि खाली आवाजाच्या. कुठे काय घातलं ते नावासकट दिसतं. मी त्या पडण्यापर्यंत गेले, एरंडोल तीनवर बोट ठेवून दाखवायला.

तिथे एरंडोल तीन नव्हतं. पुढे-मागे कुठेच नव्हतं. सबंध फिल्ममध्ये मी दोनच हसणी घातली होती, पारोळा आणि चोपडा, आणि तीही शेवटाकडे. त्या पडण्याखाली एकच पट्टी होती, गुलमर्गची. प्रत्येक क्लिपेचा मूळ आवाज मी बंद करते, तिथे तो बंद करायचा राहून गेला होता. आणि काम करताना हसू ऐकल्यावर मला वाटलं असणार की इथे हसणं घालून झालंय, चला पुढे.

मी बाकीचं सगळं बंद करून ती एक पट्टी लावली. वारा. भैयाचा आवाज. हातातली काठी पायाच्या स्कीवर आपटल्याचा टक. आणि मग ते हसणं. उचकी, तीन पायऱ्या, तुटणं. भर सकाळी, कूलर चालू असताना माझ्या हातावर काटा आला. वैशालीने माझं मनगट धरलं होतं, ते ती सोडेना. आम्ही दोघी त्या पांढऱ्या उताराकडे बघत बसलो. मी तीस वर्षं आवाज कापते, जोडते. कुठला आवाज कुठून आला हे मला विचारायला लोक येतात. आणि मेलेल्या बाईचं हसणं बर्फात कसं पोचलं, हे मला सांगता येत नव्हतं.

मग वैशाली म्हणाली, "हे शूटिंग यांच्या कॅमेऱ्यावर आहे. त्या वेळी माझा मोबाइल भैयाकडे होता. तोही काढत होता."

ती क्लिप माझ्याकडे होती, मी बाद केली होती. हलते आहे, अर्ध्या भागावर भैयाचं बोट आलंय, बारा सेकंदांची. ती शोधली. पण दोन कॅमेऱ्यांचा एकच क्षण जुळवायचा तर दोन्हींत ऐकू येईल असा एक कडक आवाज लागतो. लग्नात आम्ही त्यासाठी टाळी वाजवायचो. इथे तो टक होता. मी टकवर टक बसवला, आवाज हेमंतभाऊंच्या कॅमेऱ्याचा ठेवला आणि चित्र भैयाने काढलेलं.

उताराच्या खालून दिसत होतं. लाल सूट, वैशाली पडतेय. तिच्या पलीकडे हेमंतभाऊ, कानावर टोपी, टोपीवर हेल्मेट, कॅमेरा धरून. आणि त्यांच्या अगदी मागे, त्यांना दिसणार नाही अशी, निळा सूट. गॉगल कपाळावर सरकवलेला, फडकं हनुवटीखाली ओढलेलं. टक झाला. निळ्या सुटाचं तोंड उघडलं, खांदे उचकीने हलले, मान मागे गेली, एक, दोन, तीन, आणि हसणं तुटलं त्याच क्षणी तिने हाताने तोंड दाबून धरलं.

यादी बघायची गरज नव्हती. गार्गी होती.

वैशालीने ते किती वेळा लावायला सांगितलं ते मी मोजलं नाही. ती रडत होती आणि पुन्हा लावा म्हणत होती. तीन वर्षांत तिने त्या पोरीचं हसणं ऐकलेलं नव्हतं. बर्फात ऐकलं असतं, पण तिचेही कान बांधलेले होते.

ती तिथूनच एरंडोलला गेली, बोलावण्याची वाट न बघता. काय बोलली, कसं बोलली, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हेमंतभाऊंच्या गाडीतून चौघंही माझ्याकडे आले. अक्कांनी काठी टेकत जिना चढायला खूप वेळ घेतला. मी आधी फोल्डरचं सांगितलं, त्यांच्या तोंडावर. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काठीच उगारतात. मग मी टक जुळवलेली क्लिप लावली.

अक्कांनी ती दोनदा बघितली. मग गार्गीला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा.

"माय वं," त्या म्हणाल्या. "आठ वरीस व्हयनात, हाई पोर घरमा हासनीच नही. आमले माहीतच नही ती कशी हासस."

हेमंतभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अक्कांनी वैशालीकडे न बघताच तिचा हात धरला. "चाल वं, घर चाल," एवढंच म्हणाल्या, आणि तो हात धरूनच जिना उतरायला लागल्या.

गार्गी मात्र उठली नाही. पडद्याकडे बघत होती. सगळे खाली गेल्यावर तिने विचारलं, "काकू, तुमच्याकडे आईचं आहे ना? मला ते लावा."

मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला, माझ्यासाठी दुसरा जोडला, आणि एरंडोल तीन लावलं. दोन सेकंद. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग म्हणाली, "आता माझं." ते लावलं. "आता आईचं." लावलं. मग तिने माउस माझ्या हातातून घेतला, डोळे मिटले आणि एकामागून एक दाबत राहिली. आईचं, तिचं, आईचं, तिचं, कधी एकच दोनदा. मध्येच थांबून तिने डोळे उघडले.

"काकू, आत्ता वाजलं ते कोणाचं होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला फाइलचं नाव बघावं लागलं.